परदेशात आपत्ती आली तर चर्चच्या मंडळीने काय करावं? मदत समितीवर पहिल्यांदाच आलेल्यांसाठी

२५ एप्रिल २०१५ हा शनिवार होता. नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारची, त्यामुळे तिथल्या मंडळ्या शनिवारीच उपासनेला जमतात. दुपारी ११ वाजून ५६ मिनिटांनी ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा कितीतरी माणसं प्रार्थनेत होती, आणि काही ठिकाणी छत त्यांच्याच अंगावर आलं. पुण्यातल्या आमच्या पाळकसाहेबांनी हे उपासनेत सांगितलं तेव्हा मंडळीत डोळे पुसले नाहीत असं कुणी नव्हतं. बाहेर पडताना जो तो म्हणत होता, काहीतरी केलंच पाहिजे.

पुढच्या रविवारपर्यंत हॉल भरला. साड्या, स्वेटर, मुलांचे जुने गणवेश, अर्ध्या वापरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, बिस्किटांचे पुडे. तरुण संघाच्या मुलांनी रात्री जागून गाठोडी बांधली, आणि मग ट्रान्सपोर्टवाल्यांना फोन सुरू झाले. सीमेपर्यंत न्यायला एकजण तयार होता. सीमेपलीकडे माल उतरवून कोण घेणार, हे त्याने विचारलं, आणि आमच्याकडे एकही नाव नव्हतं. पावसाळ्यात मागच्या खोलीला ओल आली. दिवाळीच्या आधी खोली उघडली तेव्हा निम्म्या गाठोड्यांना बुरशी लागली होती. त्यात एका आजींनी स्वतः विणलेलं पांघरूण होतं. मी तेव्हा खजिनदार होते. त्या आजींना काय सांगायचं, हे मला आजतागायत सुचलेलं नाही.

ही चूक तुमच्या मंडळीत होऊ नये म्हणून हे लिहीत आहे. तुम्ही सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे) असा, मेथॉडिस्ट असा, कॅथोलिक धर्मग्रामातले असा किंवा एखाद्या फ्लॅटमध्ये जमणाऱ्या छोट्या सहवासातले, पावलं साधारण तीच आहेत.

पहिलं पाऊल: दोन दिवस काहीही जाहीर करू नका

बातमी आल्यावर पहिले दोन दिवस प्रार्थना करा आणि माहिती काढा. ढिगाऱ्याखालून माणसं जिवंत काढण्याचं काम मुख्यतः पहिल्या तीन दिवसांचं असतं. ते काम स्थानिक शेजाऱ्यांचं आणि प्रशिक्षित पथकांचं. आपल्याकडे तळेगावजवळ सुदुंबरे इथे एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, पाचवी बटालियन आहे, तिच्या जवानांना ते काम येतं. आपल्याला येत नाही, आणि त्यात कमीपणा नाही. आपलं काम त्यानंतर सुरू होतं आणि फार लांब चालतं.

या दोन दिवसांत तिघांची समिती नेमा. एकजण हिशेब समजणारा, एकजण इंग्रजीत पत्रव्यवहार करणारा, आणि एक बाई जिला मंडळीतली घरं आतून माहीत आहेत. पाळकांना यात ओढू नका. त्यांना फोन आधीच भरपूर येत असतात. तिघं एकाच घरातले किंवा एकमेकांचे व्याही नसावेत. हे लिहिताना संकोच वाटतो, पण पुढे हिशेबाची वेळ येते तेव्हा यामुळेच मनं मोडत नाहीत.

मग पुण्यातच शोधा: त्या देशातलं कोण आहे इथे? नेपाळचा भूकंप असेल तर सोसायटीचे वॉचमन, हॉटेलांतले आचारी, त्यांच्या बायका-मुलं. दुसरा देश असेल तर कॉलेजांत शिकणारे विद्यार्थी. बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत किंवा नगर रोडच्या ज्ञानदीप या कॅथोलिक विद्यापीठात त्या भागातून आलेलं कुणी आहे का, तेही विचारा. या माणसांकडून दोन गोष्टी मिळतात. एक, खरी बातमी. दुसरी, आपल्या हाताशी असलेली मदत, जिच्यासाठी परकीय चलनाचा एकही नियम आडवा येत नाही. ज्याचा घरच्यांशी संपर्क तुटलाय त्याच्या फोनचा रिचार्ज करा. गावी जायला निघालेल्याला गोरखपूरच्या गाडीचं तिकीट आणि तिथून सुनौलीच्या सीमेपर्यंतचे पैसे द्या. त्याच्या मालकाशी किंवा सोसायटीच्या चेअरमनशी बोलून नोकरी राखून ठेवायला सांगा. घरचं माणूस गेलेल्या विद्यार्थ्याला एकटं खोलीवर राहू देऊ नका, आठ दिवस जेवायला घरी बोलवा. मंडळीला हे जितकं चांगलं जमतं तितकं कुठल्याही मोठ्या संस्थेला जमत नाही.

दुसरं पाऊल: कुणाच्या हातात द्यायचं ते ठरवा

प्रेषितांची कृत्ये, अध्याय ११ समितीच्या पहिल्या बैठकीत वाचा. दुष्काळ पडणार हे कळल्यावर अंत्युखियाच्या शिष्यांनी प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे मदत उभी केली, ती यहुदीयातल्या मंडळीच्या वडीलजनांकडे पाठवली, आणि बर्णबा व शौल यांच्या हाती पाठवली. घेणारे ठरलेले, नेणारे ठरलेले. आमच्या गाठोड्यांकडे नेमकं हेच नव्हतं.

आज हे हात कुठे सापडतात? कॅथोलिक असाल तर वाट सरळ आहे: धर्मग्रामातून बिशपांच्या कार्यालयात, तिथून कॅरिटास इंडिया ही कॅथोलिक मदतसंस्था. कॅरिटासचं जाळं जवळजवळ सगळ्या देशांत आहे, नेपाळात कॅरिटास नेपाळ, म्यानमारमध्ये करुणा मिशन सोशल सॉलिडॅरिटी. प्रोटेस्टंट मंडळ्यांसाठी कासा ही १९४७ पासूनची संस्था आहे, फाळणीच्या निर्वासितांसाठी सुरू झालेली, आणि ती जिनिव्हाच्या चर्चसंस्थांच्या मदतजाळ्याशी, अ‍ॅक्ट अलायन्सशी जोडलेली आहे. इव्हँजेलिकल मंडळ्या बहुधा एफिकोर या मदतसंस्थेकडे वळतात. रेड क्रॉस आहेच.

नाव मोठं आहे म्हणून लगेच चेक लिहू नका. फोन करा आणि विचारा. त्या जिल्ह्यात तुमचे सहकारी आपत्तीच्या आधीपासून काम करत होते का? यादीत कुणाचं नाव घालायचं हे कोण ठरवतं? विधवा, अपंग, दुसऱ्या धर्माची घरं त्यात आहेत का? मागच्या आपत्तीचा लेखापरीक्षण झालेला हिशेब दाखवाल का? आणि माझा आवडता प्रश्न: आत्ता तुम्हाला काय नको आहे? जो माणूस शेवटच्या प्रश्नाला झटकन आणि ठामपणे उत्तर देतो, तो जागेवर काम करणाऱ्यांशी बोलत असतो. जो म्हणतो 'काहीही चालेल', त्याच्याबाबत मी थांबते.

भारतातल्या संस्थेला आणखी एक विचारायचं: हा पैसा तुम्ही सीमेपलीकडे कायदेशीरपणे कसा पोचवणार? यातल्या बऱ्याच संस्थांचं मुख्य काम देशातच आहे, आणि परदेशातल्या प्रत्येक आपत्तीसाठी त्या आवाहन करतातच असं नाही. सरळ उत्तर मिळालं तरच पुढे जा.

तिसरं पाऊल: पैशाचे नियम

इथे थोडं सावकाश वाचा. चांगल्या मनाने केलेली मदत इथेच अडकते.

परदेशात पैसे पाठवण्यावर फेमा, म्हणजे १९९९ चा परकीय चलन कायदा लागू होतो. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत भारतात राहणारी व्यक्ती एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवू शकते, आणि देणगी हे त्यातलं मान्य कारण आहे. पॅन लागतो, आणि ठरावीक रकमेच्या पुढे बँक टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ कर, घेते. पण ही सोय व्यक्तीला आहे. ट्रस्टला नाही. म्हणजे चर्चच्या खात्यातून काठमांडूच्या मंडळीला परस्पर पैसे पाठवू, असं कुणी म्हणालं तर आधी बँकेच्या परकीय चलन विभागात आणि सीएकडे जा. नेपाळचे नियम तर आणखी वेगळे आहेत, तेही बँकेतच विचारा. सगळ्यांचे पैसे एखाद्या भावाच्या वैयक्तिक खात्यात जमा करून त्याच्या नावाने पाठवायचा मोह होतो. तो टाळा. उद्या आयकर खात्याने विचारलं तर उत्तर त्या एकट्याला द्यावं लागतं.

दुसरी गोष्ट आयकराची. धर्मादाय ट्रस्टने भारताबाहेर केलेला खर्च करसवलतीसाठी साधारणपणे धरला जात नाही, त्याला सीबीडीटीची, म्हणजे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची, मंजुरी लागते. शिवाय आपल्या ट्रस्टच्या घटनेत असं काम बसतं का ते पाहा. महाराष्ट्रात चर्चचे ट्रस्ट सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेले असतात, म्हणून खास निधी उभारण्याआधी धर्मादाय आयुक्त कार्यालयाला काय कळवावं लागतं हे सीएला विचारून घ्या. पत्राची पोच जपून ठेवा.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. मंडळीतल्या कुणाचा मुलगा कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात आहे, त्याला कळतं आणि तो म्हणतो, मीही चर्चच्या खात्यात पाठवतो. तो तिथला नागरिक झाला असेल, ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं, कार्ड असलं तरी, तर त्याचा पैसा एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याप्रमाणे, परदेशी अंशदान ठरतो. एफसीआरए नोंदणी नसलेल्या चर्चने तो घेणं गुन्हा आहे. नोंदणी असली तरी तो ठरलेल्या खात्यातच यावा लागतो, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. त्याला प्रेमाने सांगा: बाळा, तू तिथल्याच संस्थेला दे, तिथून तो पैसा लवकर पोचेल.

हे वाचून हातपाय गाळू नका. पुण्यातल्या सर्वसाधारण मंडळीसाठी सोपी वाट अशी: मंडळीने आवाहन करायचं, आणि प्रत्येक घराने निवडलेल्या नोंदणीकृत संस्थेला स्वतःच्या नावाने थेट द्यायचं, किंवा मंडळीने गोळा करून भारतातल्याच त्या संस्थेला चेकने द्यायचं. सीमा ओलांडण्याचं काम तिचं. करसवलतीची (८०जी) नोंदणी असलेल्या संस्थेची पावती देणाऱ्याला मिळते. मात्र २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिल्यास त्या देणगीवर सवलत नाही, म्हणून मोठी रक्कम चेकने किंवा ऑनलाइन द्यायला सांगा.

चौथं पाऊल: वेदीवरून काय सांगायचं

जाहीर सूचना लिहूनच काढा. उत्स्फूर्त बोलताना 'जे असेल ते आणा' असं तोंडून निघून जातं, आणि पुढच्या रविवारी हॉल भरतो. आम्ही आता साधारण हा मजकूर वापरतो, हवा तर घ्या:

'प्रिय बंधुभगिनींनो, अमुक देशातल्या अमुक जिल्ह्यातल्या आपद्ग्रस्तांसाठी आपली मंडळी अमुक संस्थेमार्फत निधी उभारत आहे. मदत फक्त पैशाच्या रूपात घेतली जाईल. कपडे, धान्य, औषधं कृपया आणू नयेत. अमुक तारखेच्या उपासनेनंतर निधी बंद होईल. जमलेली रक्कम त्याच्या पुढच्या रविवारी फलकावर लावली जाईल. गरज भागून रक्कम उरली तर ती त्याच देशातल्या पुनर्वसनासाठी, आणि तेही शक्य नसल्यास पुढच्या आपत्तीसाठी वापरली जाईल.'

शेवटचं वाक्य गाळू नका. ते आधी सांगितलं नसेल तर उरलेल्या पैशावरून वर्षभर वाद चालतो.

खात्याचा क्रमांक किंवा क्यूआर कोड फक्त चर्चच्या फलकावर आणि छापील पत्रकात द्या. आपत्तीनंतर व्हॉट्सअ‍ॅपवर खोटे क्यूआर कोड फिरतात, आणि म्हातारी माणसं भाबडेपणाने पैसे टाकतात. अर्पणाची थैली दोघांनी, एकमेकांच्या नात्यात नसलेल्यांनी, त्याच दिवशी मोजावी, आकडा वहीत लिहून दोघांनी सही करावी, सोमवारी पैसे बँकेत भरावेत. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या ८ व्या अध्यायात पौल यरुशलेमच्या पवित्र जनांसाठी जमवलेला निधी नेताना सोबत आणखी माणसं घेतो, कुणी बोट दाखवू नये म्हणून. पौलाला ही काळजी घ्यावीशी वाटली, तर आपण का घेऊ नये?

मुलांनाही यात घ्या. संडे स्कूलच्या मुलांनी नकाशात ती जागा शोधावी, तिथल्या मुलांची भाषा कुठली ते शिकावं, आणि त्या गावाचं नाव घेऊन प्रार्थना करावी. 'जगातल्या दुःखितांसाठी' अशी सरधोपट प्रार्थना मुलं विसरतात. 'सिंधुपालचोकच्या मुलांसाठी' केलेली प्रार्थना आमच्या एका मुलीच्या कॉलेजात जाईपर्यंत लक्षात होती.

वस्तू कधी पाठवायच्या?

जवळजवळ कधीच नाही. तिथल्या संस्थेने लेखी यादी दिली, घेणाऱ्याचं नाव आणि कस्टमची कागदपत्रं दिली, तरच. एरवी ट्रकचं, जहाजाचं, विमानाचं भाडं मालाच्या किमतीवर जातं. पैसे मिळाले तर माणसं आपल्याच बाजारातून आपल्या सवयीचं तांदूळ, डाळ, पत्रा घेतात आणि तिथला दुकानदारही सावरतो. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडले होते. कोळ्यांच्या बायकांना ते नको होते, आणि आपणही त्यांच्या जागी दुसऱ्याच्या अंगावरचं घातलं नसतं.

औषधांबाबत जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: पोचताना किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी, तिथल्या लोकांना कळेल अशा भाषेत नाव हवं, आणि मागणी हवी. घरातल्या उरलेल्या गोळ्या यात बसत नाहीत. बाळांच्या दुधाची पावडरही पाठवू नका. स्वच्छ पाणी नसलेल्या ठिकाणी तिने बाळं आजारी पडतात, आणि आईचं दूध तुटतं.

माणसं पाठवायची का?

तरुण संघातून हा प्रश्न हमखास येतो, आणि त्यांच्या उत्साहाचा मला आदर आहे. पण तुमच्याकडे तिथे लागणारं कौशल्य, तिथल्या संस्थेचं बोलावणं आणि परतीपर्यंतचा स्वतःचा खर्च, तिन्ही नसेल तर जाऊ नका. तुटवड्याच्या जागी आणखी एक खाणारं तोंड आणि झोपायला आणखी एक जागा लागते.

१२ जानेवारी २०१० च्या हैती भूकंपानंतर महिनाही झाला नव्हता, तेव्हा अमेरिकेतल्या आयडाहोच्या एका बॅप्टिस्ट मंडळीशी जोडलेल्या १० जणांना ३३ मुलं सीमेपलीकडे नेताना अटक झाली. ही अनाथ मुलं आहेत असं ते म्हणत होते. त्यातल्या बहुतेकांचे आईवडील जिवंत निघाले. हेतू काही का असेना, आपत्तीत हरवलेल्या मुलाचं कुटुंब शोधायला वेळ लागतो, आणि तो वेळ द्यायलाच हवा.

पुण्यात हा मुद्दा निघाला की कुणीतरी पंडिता रमाबाईंचं उदाहरण देतं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या, केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच उभं राहिलं. मला त्या उदाहरणातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. त्यांनी त्या मुलींना शिकवलं, हाताला काम दिलं, आणि पुढची सगळी वर्षं रमाबाई तिथेच राहिल्या. तेव्हा या मुलींसाठी दुसरी यंत्रणा नव्हती. आज ती आहे, दत्तक आणि बालसंरक्षणाचे कायदे आहेत. रमाबाईंकडून आज घ्यायचं ते टिकून राहणं.

धर्माचा प्रश्न

२८ मार्च २०२५ ला म्यानमारमध्ये मंडालेजवळ ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. रमजानचा शुक्रवार होता, दुपारच्या नमाजाची वेळ, आणि मशिदी कोसळून शेकडो माणसं गेली. नेपाळात शनिवारच्या उपासनेतले आपले, इथे शुक्रवारच्या नमाजातले त्यांचे. मी दोन्ही बातम्या शेजारी ठेवते, आणि मदत कुणाला हा प्रश्न मला पडत नाही.

१९९४ मध्ये रेड क्रॉस आणि इतर मोठ्या संस्थांनी मदतकार्याची आचारसंहिता केली. तिच्या प्रवर्तकांत वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस, ल्युथरन वर्ल्ड फेडरेशन आणि कॅरिटास होत्या, म्हणजे हे आपल्याच घरातून आलेलं वचन आहे: मदत गरज पाहून, आणि मदतीच्या आडून कुठलंही धार्मिक किंवा राजकीय मत पुढे रेटायचं नाही. ताटाबरोबर धर्मप्रचाराची पत्रिका देऊ नका. कुणी स्वतःहून विचारलं तर सांगायला तिथली मंडळी आहे.

फोटोंबद्दलही इथेच सांगते. रडणारं मूल, उघडी जखम, रांगेत हात पसरलेली बाई, असे फोटो स्लाइडवर लावू नका. आपल्या घरातलं कुणी असतं तर लावले असते का? म्यानमारसारख्या, २०२१ च्या लष्करी उठावानंतर यादवी पेटलेल्या देशात तर तिथल्या साथीदारांची नावं आणि चेहरे समाजमाध्यमांवर टाकल्याने त्यांच्या जिवावर बेतू शकतं. पाळकांचं नाव प्रार्थनेत घ्या, फेसबुकवर घेऊ नका.

शेवटचं पाऊल: सहा महिन्यांनी पुन्हा

टीव्हीवरून बातमी जाते तेव्हा खरं काम सुरू होतं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी हादरली. आपल्या ओळखीत त्या भागातलं कुणी असेल तर विचारा, नव्या घरात कधी गेलात? अनेकांच्या उत्तरात वर्षं येतील. नेपाळचं पुनर्बांधणी प्राधिकरण डिसेंबर २०२१ पर्यंत काम करत होतं, म्हणजे भूकंपानंतर साडेसहा वर्षं.

म्हणून जमलेल्या निधीचे दोन भाग ताबडतोब द्या आणि तिसरा मागे ठेवा. त्यासाठी मंडळीची संमती आधीच घ्या. निधी बंद करताना दोन तारखा ठरवा, सहा महिन्यांनंतरची आणि वर्षानंतरची, आणि त्या वेस्ट्रीतल्या, म्हणजे चर्चच्या मागच्या कामकाजाच्या खोलीतल्या, दिनदर्शिकेवर लाल पेनाने लिहा. समिती बदलली तरी दिनदर्शिका तिथेच असते, फक्त नव्या वर्षाच्या दिनदर्शिकेवर तारीख उतरवून घ्यायला एकाला सांगून ठेवा. सहा महिन्यांनी संस्थेला पत्र लिहा: कुठल्या गावात काय झालं, काय राहिलं, आता कशाची गरज आहे? आलेलं उत्तर मराठीत करून उपासनेत वाचा, कंटाळवाणं असलं तरी पूर्ण वाचा. बहुतेक वेळा त्यात शाळेचं छप्पर, पाण्याची टाकी, शेळ्या, बियाणं असलं काही असतं. मागे ठेवलेला तिसरा हिस्सा तेव्हा पाठवा, आणि पावती फलकावर लावा, आकडा दुरून वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात.